एका संध्याकाळी एकच कलाकृती: ग्रंथालयातील प्रौढांसाठीच्या व्याख्यानांविषयी

एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालांनी विचारले आहे की, प्रौढ सभासदांसाठी त्यांनी साहित्य आणि कलेतिहास या विषयांवर सहा व्याख्यानांची माला आखली. पहिल्या व्याख्यानाला सभागृह भरले, तिसऱ्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि जे येत राहिले तेही ‘छान झाले, पण डोक्यावरून गेले’ असे सांगून घरी गेले. विषय कसे निवडावेत, व्याख्याता कसा असावा आणि ज्यांनी पुस्तक वाचलेलेच नाही त्यांच्यासमोर साहित्यावर बोलायचे तरी कसे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. अशी व्याख्याने देण्याचे आणि आखण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या आधारावर हे उत्तर लिहितो.

गळतीची फार काळजी करू नये. पहिल्या व्याख्यानाला कुतूहलाने आलेले, कोणाच्या तरी आग्रहाखातर आलेले आणि संध्याकाळ मोकळी होती म्हणून आलेले असे सगळेच असतात, आणि त्यांतले बरेच जण दुसऱ्यांदा येणार नाहीत हे धरूनच चालावे लागते. काळजीची गोष्ट वेगळी आहे. जे टिकून राहिले त्यांच्याही हाती काही लागले नाही. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत पहिले व्याख्यान ‘गुहाचित्रांपासून अमूर्त चित्रांपर्यंत’ असे आहे आणि तिसरे ‘युरोपीय कादंबरीची दोन शतके’ असे. माझ्या मते दुखणे इथेच आहे. तीस हजारांहून अधिक वर्षांचा प्रवास एका तासात उरकायचा म्हटला की व्याख्यात्यापुढे नावे, सनावळ्या आणि ‘-वाद’ यांची यादी वाचण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. विद्यार्थ्याला परीक्षा असते, म्हणून तो ती यादी पाठ करतो आणि पुढच्या तासाला तिच्यावर आणखी काही रचता येते. दिवसभराचे काम आटोपून आलेल्या प्रौढ माणसाला ती सक्ती नसते. त्याच्याजवळ मात्र दुसरे पुष्कळ काही असते: त्याने संसार केलेला असतो, माणसे गमावलेली असतात, पैशांची ओढाताण पाहिलेली असते, आणि चित्रात किंवा कथेत काय चालले आहे हे ओळखण्याची त्याची क्षमता विशीतल्या विद्यार्थ्यापेक्षा बहुधा अधिक असते. विहंगावलोकन करणाऱ्या व्याख्यानात या भांडवलाचा काहीच उपयोग होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, एका व्याख्यानात एकच कलाकृती घ्यावी; फार तर दोन, त्याही एकमेकींशी ताडून पाहण्यासाठी. हा सल्ला ऐकल्यावर बहुतेक संयोजकांचा चेहरा उतरतो, कारण ‘एका चित्रावर तासभर काय बोलणार?’ असे त्यांना वाटते. त्यांच्यासाठी एक नमुना थोडा तपशिलात सांगतो.

ब्रसेल्सच्या रॉयल ललितकला संग्रहालयात ‘इकारसच्या पतनाचे निसर्गदृश्य’ हे सोळाव्या शतकातील चित्रकार पीटर ब्रूगेलच्या नावाने ओळखले जाणारे चित्र आहे. इकारस म्हणजे ग्रीक कथेतला, मेणाने जोडलेले पंख लावून उडालेला आणि समुद्रात पडून बुडालेला मुलगा. हे चित्र नाव न सांगता पडद्यावर लावावे आणि दोन मिनिटे कोणीही, व्याख्यात्यानेसुद्धा, बोलू नये. त्यानंतर फक्त काय काय दिसते ते विचारावे. समोरच लाल बाह्यांचा शेतकरी नांगर धरून चालला आहे, त्याच्या खालच्या अंगाला काठीवर रेलून वर पाहणारा मेंढपाळ आहे, उजव्या कोपऱ्यात काठावर बसून गळ टाकणारा माणूस आहे, शिडे फुगवून निघालेले मोठे जहाज आहे, हिरवट समुद्र आहे, क्षितिजाला टेकलेला सूर्य आहे. हे सगळे सांगून होते आणि मग कोणाला तरी जहाज आणि काठ यांच्या मध्ये, पाण्याबाहेर राहिलेले दोन उघडे पाय दिसतात. त्या क्षणी सभागृहातील कुजबुजीचा सूर बदलतो, मागच्या रांगेतली माणसे उठून उभी राहतात. चित्राचे नाव सांगण्याची योग्य वेळ ती. आधीच सांगितले असते तर प्रत्येक जण केवळ पाय शोधत बसला असता आणि शेतकऱ्याकडे कोणी पाहिलेच नसते.

यापुढे साहित्य येते. प्राचीन रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या लॅटिन काव्याच्या आठव्या सर्गातील इकारसची कथा मोठ्याने वाचायला काही मिनिटेच लागतात. त्या कथेतही गळ टाकणारा, मेंढपाळ आणि नांगर धरणारा असे तिघे आहेत, मात्र तिथे ते तिघेही वर पाहून थक्क होतात आणि आकाशातून जाणारे हे देवच असावेत असे त्यांना वाटते. चित्रातला शेतकरी मान खाली घालून नांगरतो आहे, गळवाला पाण्याकडे पाहतो आहे, आणि मेंढपाळ वर पाहत असला तरी त्याची पाठ बुडणाऱ्याकडे आहे. चित्रकाराने माणसे कवीकडून घेतली, पण त्यांचे आश्चर्य काढून टाकले. का? हा प्रश्न श्रोत्यांवर सोपवला तर पंधरा मिनिटे सहज जातात, आणि त्या चर्चेत मी ऐकलेली काही मते छापील ग्रंथांतल्या मतांच्या तोडीची होती. मग गळवाल्याजवळच्या फांदीवर बसलेला तितर दाखवावा. ओव्हिडच्या कथेत इकारसचा बाप डेडॅलस याने आपल्या गुणी भाच्याला मत्सरापोटी उंचावरून ढकलून दिलेले असते, अथीना देवी त्याला तितर करून वाचवते, आणि डेडॅलस स्वतःच्या मुलाला पुरत असताना तोच पक्षी आनंदाने पंख फडफडवतो. एवढासा पक्षी पाहून चित्रकाराने काव्य किती बारकाईने वाचले होते ते कळते. वेळ उरल्यास इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांची १९३८ मध्ये लिहिलेली, याच संग्रहालयाच्या नावाची कविता वाचता येते. तिच्यातही हेच चित्र आहे आणि एकाचे दुःख घडत असताना इतरांचा दिवस कसा चालूच राहतो याचा विचार आहे.

शेवटी, हे चित्र ब्रूगेलच्याच हातचे आहे का याविषयी अभ्यासकांना शंका आहे हेही सांगावे. त्याची तैलरंगातील इतर चित्रे लाकडी फळीवर आहेत आणि हे कापडावर आहे. हरवलेल्या मूळ चित्राची ही जुनी नक्कल असावी असे आज अनेकांचे मत आहे. श्रोत्यांचा हिरमोड होईल म्हणून व्याख्याते ही गोष्ट टाळतात असे मी पाहिले आहे. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. तासभर चित्र पाहिल्यावर ‘मग हे ठरवतात तरी कसे?’ हा प्रश्न आपसूक येतो आणि कलेतिहास नावाची विद्याशाखा नेमके काय करते याचे उत्तर तिथेच मिळते.

‘एकच चित्र घेतले तर इतिहासाचे काय?’ असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मात्र इतिहास कलाकृतीच्या दारातून आत यावा, कलाकृती इतिहासाच्या यादीतली एक ओळ होऊ नये. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रकार यान व्हॅन आइकचे आर्नोल्फिनी दांपत्याचे १४३४ मधील चित्र पाहा. मागच्या भिंतीवर एक बहिर्गोल आरसा आहे, त्यात दांपत्याच्या पाठी दिसतात आणि दारात उभ्या असलेल्या आणखी दोन व्यक्तीही दिसतात. आरशाच्या वर, भिंतीवर, ‘यान व्हॅन आइक इथे होता’ अशा अर्थाची लॅटिन ओळ आणि साल आहे. कलेतिहासकार एर्विन पॅनोफ्स्की यांनी १९३४ मध्ये असे मांडले की हे चित्र म्हणजे जणू विवाहाचे साक्षपत्र आहे, दारातले दोघे साक्षीदार आहेत आणि कुत्रा, एकुलती जळती मेणबत्ती, काढून ठेवलेली पादत्राणे या सर्वांना विवाहाशी निगडित अर्थ आहे. ही मांडणी इतकी मोहक होती की ती कित्येक दशके वर्गांतून शिकवली गेली. पुढे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजावरून असे दिसले की पॅनोफ्स्की यांनी ज्या जोडप्याचे नाव घेतले होते त्यांचा विवाह १४४७ मध्ये झाला होता, म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावर तेरा वर्षांनी आणि चित्रकार निवर्तल्यावर सहा वर्षांनी. तेव्हा चित्रातला पुरुष बहुधा त्याच घराण्यातला दुसरा कोणी असावा. ‘कुत्रा म्हणजे निष्ठा, फळ म्हणजे निष्पापता’ अशी अर्थांची कोष्टके वाटणाऱ्या व्याख्यात्यापासून सावध राहावे ते यासाठी. प्रौढ श्रोत्यांना पुरावा, तर्क आणि अंदाज यांतला फरक चांगला समजतो, फक्त तो त्यांच्यापुढे ठेवायला हवा.

चरित्राचा मोह हा दुसरा धोका. कारावाज्जो आणि आर्तेमिझिया जेन्तिलेस्की या दोघा इटालियन चित्रकारांनी ज्यूडिथ ही ज्यू विधवा शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचा शिरच्छेद करते हा जुन्या धार्मिक कथेतला प्रसंग रंगवला आहे, आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली की बोलण्याची गरजच जवळजवळ उरत नाही: कारावाज्जोची दासी म्हातारी आहे आणि बाजूला उभी राहून नुसती पाहते, आर्तेमिझियाची दासी तरुण आहे आणि त्या पुरुषाला सर्व भार टाकून दाबून धरते. व्याख्याता मात्र दोन मिनिटांत आर्तेमिझियावरील बलात्काराच्या १६१२ च्या खटल्याकडे वळतो आणि पुढचा तास न्यायालयातच जातो. खटला सांगू नये असे मी म्हणत नाही. तो चित्र पाहून झाल्यावर सांगावा. दोन चित्रे शेजारी ठेवण्याची ही रीत कलेतिहासकार हाइनरिश व्योल्फलिन यांनी दोन प्रोजेक्टर वापरून रूढ केली असे मानले जाते आणि तिला अजून पर्याय सापडलेला नाही.

आता ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांचा प्रश्न. त्यांच्यापुढे कादंबरीचे कथानक सांगत बसणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्याने न वाचलेल्यांची उत्सुकता संपते आणि वाचलेल्यांचा वेळ जातो. मोठी कादंबरी घेऊच नये. एका बैठकीत किंवा फार तर दोन संध्याकाळींत वाचून होईल असे लेखन घ्यावे, त्याच्या प्रती तीन आठवडे आधी देवघेव विभागात समोरच ठेवाव्यात आणि तरीही निम्मे लोक न वाचता येतील असे समजून व्याख्यान बांधावे. टॉलस्टॉय यांची ‘इवान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ मधील दीर्घकथा मी या कामासाठी अनेकदा निवडतो. ती बारा प्रकरणांची आहे आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात नायक मेलेला आहे. त्याचे सहकारी वर्तमानपत्रात बातमी वाचतात आणि त्यांच्या मनात पहिला विचार येतो तो रिकाम्या झालेल्या जागेचा आणि बढतीचा. मग एक जण विधवेच्या भेटीला जातो. दोघे बसायला जातात तेव्हा तिच्या शालीची किनार मेजाच्या कोरीव कडेत अडकते, ती सोडवण्यासाठी हा उठतो, त्यासरशी त्याच्या बुटक्या आसनाच्या बिघडलेल्या स्प्रिंगा उसळून त्याला ढकलतात, हा पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. आणि तेवढे झाल्यावर ती बाई डोळे पुसून सरकारकडून जास्तीत जास्त किती पैसे मिळवता येतील याची चौकशी सुरू करते. एवढे एक पान सावकाश वाचावे. ज्याने कथा वाचलेली नाही त्यालाही ते पूर्ण कळते, कारण सांत्वनाला जाऊन अवघडून बसण्याचा अनुभव सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाला असतो. मग विचारावे: मृत्यूच्या कथेत लेखकाने ही स्प्रिंग कशासाठी ठेवली? शोक आणि हास्य एकाच परिच्छेदात बसवून त्याने काय साधले? त्यानंतर रचनेकडे वळता येते. कथा मागे जाऊन आयुष्य सांगते, प्रकरणे साधारणपणे आखूड होत जातात आणि वर्षांवरून महिन्यांवर, आठवड्यांवर, शेवटी तासांवर येतात. अखेरचे प्रकरण मुद्दाम वाचू नये. ते सभासदाने पुस्तक घरी नेऊन वाचावे.

हे घरी नेणे हाच ग्रंथालयाच्या व्याख्यानाचा इतर सभागृहांतल्या व्याख्यानांपेक्षा वेगळा भाग आहे आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी विस्तार-व्याख्याने सुरू केली, तेव्हा व्याख्यानासोबत छापील रूपरेषा, त्यानंतर वेगळा चर्चेचा वर्ग आणि घरी लिहून आणायचे प्रश्न अशी जोड दिलेली होती. काळाच्या ओघात बहुतेकांनी व्याख्यान तेवढे उचलले आणि बाकीचे सोडून दिले. लेखी उत्तरे आज कोणी आणणार नाही, परंतु एक पानाची रूपरेषा अवश्य द्यावी: कलाकृतीचे नाव, साल, आकार, ती सध्या कुठे आहे, परक्या नावांचे देवनागरीत उच्चार, आणि ग्रंथालयात असलेली चारच पुस्तके, वर्गांकासह. ही चार पुस्तके शोधायला गेलात की एक अडचण दिसेल. दशांश वर्गीकरणात चित्रकला ७५० च्या घरात आणि साहित्य ८०० मध्ये असते, तेव्हा इकारसचे चित्र आणि इकारसची कथा एकमेकांपासून कित्येक कपाटे दूर असतात. शिवाय चित्रांचे मोठे ग्रंथ महाग म्हणून संदर्भ विभागात कुलूपबंद असतात आणि सभासदांनी ते कधी पाहिलेलेही नसतात. व्याख्यानाच्या दिवशी ही सगळी पुस्तके बाहेर काढून दाराजवळच्या टेबलावर मांडावीत, जी देता येतील ती तिथल्या तिथे नोंदवून द्यावीत, आणि देवघेवीचा एक कर्मचारी कार्यक्रम संपेपर्यंत थांबवावा. माला यशस्वी झाली की नाही हे मी खुर्च्या मोजून ठरवत नाही. त्या टेबलावरून किती पुस्तके गेली ते पाहतो.

चित्रे दाखवण्याबाबत दोन-तीन गोष्टी. साठ-सत्तर स्लाइड आणणाऱ्या व्याख्यात्याला नम्रपणे दहा-बारांवर आणावे, त्यांतही निम्म्या एकाच चित्राच्या तपशिलांच्या असाव्यात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रेक्षक एका कलाकृतीपुढे सरासरी २७.२ सेकंद थांबतात असे आढळले होते, आणि निम्मे जण १७ सेकंदांतच पुढे सरकत होते. सभागृहातही त्याच वेगाने स्लाइड बदलत गेल्या तर लोकांनी घराबाहेर पडून काय मिळवले? दिवे पूर्ण घालवू नयेत; अंधारात टिपणे घेता येत नाहीत आणि जेवणानंतरची वेळ असेल तर डुलक्या लागतात. पडद्याजवळचे दिवे तेवढे बंद करावेत.

पडद्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तो सर्व चित्रांना एकाच मापाचे करतो. पिकासोचे ‘गेर्निका’ जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे, तर डच चित्रकार व्हर्मीरची ‘लेस विणणारी’ साधारण २४ बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढी. पडद्यावर दोन्ही सारखीच भासतात. यावर माझा उपाय अगदी साधा आहे. ‘गेर्निका’साठी सभागृहाच्या बाजूच्या भिंतीवर चिकटपट्टीने खऱ्या मापाची चौकट आखतो, भिंत अपुरी पडली तर पट्टी कोपऱ्यावरून दुसऱ्या भिंतीवर नेतो. व्हर्मीरसाठी त्या मापाचा कागद कापून हातोहात फिरवतो. तो कागद हातात आल्यावर माणसे नकळत त्याच्यावर वाकतात, जशी चित्रातली ती मुलगी कामावर वाकलेली आहे.

व्याख्याता विद्वान असावा हे खरे, पण लिहून आणलेला निबंध वाचणारा नसावा. नाव पक्के करण्याआधी ‘पहिली पाच मिनिटे काय बोलाल?’ एवढेच विचारावे आणि चित्रांची यादी मागवावी. पहिल्या पाच मिनिटांत शतके आणि संप्रदाय आले तर दुसरा माणूस पाहावा. सहा व्याख्यानांना सहा पाहुणे बोलावण्यापेक्षा एकाच व्याख्यात्याला चार संध्याकाळी द्याव्यात. श्रोत्यांची आणि त्याची ओळख दुसऱ्या वेळेपर्यंत होते, प्रश्न मोकळे होतात, आणि ‘मागच्या वेळी पाहिलेला तो आरसा आठवतो का’ असे म्हणण्याची सोय होते. मानधन ठरवून, वेळेवर आणि न मागता द्यावे. प्रास्ताविक आणि परिचय मिळून पाच मिनिटांत आटोपावेत. पाहुण्यांच्या पदव्या रूपरेषेच्या मागे छापल्या तरी चालतात.

वेळेची वाटणी पन्नास मिनिटे व्याख्यान आणि तीस मिनिटे चर्चा अशी असावी. चर्चेत प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे व्याख्यान देणारे एक गृहस्थ प्रत्येक गावात असतात. त्यांचा माईक काढून घेणे अपमानास्पद होते. त्याऐवजी माईक कर्मचाऱ्याच्याच हातात ठेवावा आणि पहिला प्रश्न व्याख्यात्याने श्रोत्यांना विचारावा, म्हणजे सुरुवातीची शांतता त्या गृहस्थांच्या ताब्यात जात नाही. चित्राविषयीच्या चर्चेत ‘यात काय चालले आहे?’, ‘असे तुम्हाला कशावरून वाटते?’ आणि ‘आणखी काय सापडते?’ हे तीन प्रश्न पुरतात. अबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन यांनी संग्रहालयांसाठी घडवलेल्या पद्धतीचा ते गाभा आहेत. मधला प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण त्यामुळे मत देणाऱ्याला पुन्हा चित्राकडे वळावे लागते. नग्नता किंवा हिंसा असलेली चित्रे असतील तर जाहिरातीतच एका ओळीत तसे लिहावे; आयत्या वेळी चित्र गाळणे मात्र वाईट.

चित्रांच्या हक्कांविषयी आपण विचारलेले नाही, तरी ध्वनिचित्रमुद्रण करून ते इंटरनेटवर ठेवण्याचा विचार असेल तर ते आधी पाहावे लागेल. सभागृहात दाखवणे आणि कायमस्वरूपी प्रसारित करणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या चित्रांबाबत मार्ग सोपा आहे: मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या संग्रहातील हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा कोणत्याही वापरासाठी खुल्या केल्या आहेत, आम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांचेही धोरण तसेच आहे, आणि त्या प्रतिमा तपशील मोठा करून दाखवण्याइतक्या स्पष्ट असतात. विसाव्या शतकातील चित्रकारांबाबत सावध राहावे. पिकासो १९७३ मध्ये वारला. ज्या देशांत निधनानंतर सत्तर वर्षे संरक्षण असते तिथे त्याची चित्रे २०४३ अखेरपर्यंत मुक्त होणार नाहीत. अशा व्याख्यानाचे मुद्रण करायचेच असेल तर फक्त आवाज घ्यावा आणि सोबत चित्र जिथे आहे त्या संग्रहालयाच्या पानाचा दुवा द्यावा.